जबडेकाकांचं जड पाणी

जबडेकाका मला पहिल्यांदा भेटले ते छतातून. म्हणजे ते स्वतः नव्हे, त्यांचं पाणी.

या इमारतीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी जेवायला बसलो आणि पहिला थेंब माझ्या डोक्यावर पडला. दुसरा चष्म्यावर. बघता बघता छतातून धबधबा सुरू झाला, ताटातलं सगळं तरंगायला लागलं, बायको एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने जेवत होती आणि दारातल्या चपला जिन्यावरून वाहत वाहत रस्त्याला लागल्या. हे मी तेव्हापासून असंच सांगत आलोय. बायको म्हणते, थेंब चार होते. पण बायकोला वर्णनाची हौस नाही.

ती एवढंच म्हणाली, "वर जा आणि भांडून या. आणि शेवटी हसू नका. तुम्ही नेहमी शेवटी हसता."

एक मजला चढेपर्यंत मी असं भाषण तयार केलं, की ते एखाद्या संसदेत झालं असतं तर सरकार पडलं असतं. बेल वाजवली. दार उघडलं. समोर सत्तरीचा एक गृहस्थ, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, अंगभर पांढरी भुकटी. डाव्या हातात माणसाचा प्लास्टरचा जबडा, त्यातून पाणी गळतंय. उजव्या ओल्या मुठीत काहीतरी पिवळं आणि जिवंत.

"तुम्ही खालचे का?" त्यांनी विचारलं.

"हो! आणि तुमचं पाणी..."

"श्श! हळू बोला. हिच्या तोंडात पोरं आहेत."

"कुणाच्या?"

"आधी हा जबडा धरा."

अशा रीतीने भांडायला गेलेला मी एका अनोळखी घरात एका अनोळखी माणसाचा जबडा धरून उभा राहिलो. काकांनी मुठीतला मासा पाण्याच्या वाडग्यावर धरला, अंगठ्याच्या नखाने त्याचा खालचा ओठ अलगद खाली केला आणि आत डोकावले. मग वाकून पुन्हा डोकावले. मग मासा टाकीत सोडला आणि स्टुलावर बसले.

"गिळली," ते म्हणाले. "पुन्हा सगळी गिळली हो हिने. दमलो."

त्यांचा चेहरा असा उतरला होता, की माझं सरकार पाडणारं भाषण घशातच राहिलं. मी म्हणालो, "होईल हो पुढच्या वेळी." कशाचं होईल ते मला माहीत नव्हतं. खाली आल्यावर बायकोने विचारलं, "भांडलात?" मी हसलो.

हे गृहस्थ कवळ्या बनवायचे. एका दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांचं बाक होतं. पुढे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचे साचे घ्यायचा, मागे काका त्यात प्लास्टर ओतून जबडे काढायचे आणि त्या जबड्यांवर दात रचायचे. आयुष्यभर त्यांनी माणसं पाहिली ती नाकाच्या खाली आणि हनुवटीच्या वर एवढीच. रस्त्यात भेटलेल्या माणसाचं नाव ते विसरायचे, दाढा नाही. मला तर ते शेवटपर्यंत 'खालचे' म्हणूनच हाक मारत. निवृत्त झाल्यावरही डॉक्टर त्यांना सोडेना, म्हणून अजून रोज जायचे आणि संध्याकाळी पांढरे होऊन परत यायचे. इमारतीत सगळे त्यांना जबडेकाका म्हणत. त्यांना ते माहीत होतं. राग यायलाही ताकद लागते, आणि ती त्यांच्याकडे शिल्लक नसायची. लोक भेटल्यावर "काय, कसं काय" म्हणतात, काका "दमलो" म्हणायचे. फोन उचलला की हॅलोच्या जागी "दमलो". एकदा चुकीचा नंबर लागलेल्या एका बाईने म्हणे त्यांची पंधरा मिनिटं विचारपूस केली.

दमलेला हा माणूस घरी आला की मात्र रात्रीच्या जेवणापर्यंत माशांच्या मागे राबायचा. बाहेरच्या खोलीत चार भिंतींना चार काचेच्या टाक्या. त्यांत निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. सिक्लिड म्हणतात त्यांना. कुठल्याशा दूरच्या मोठ्या सरोवरातली ही जात. तिथलं पाणी क्षारांनी भरलेलं, जड. त्यामुळे यांना पाणी लागतं तेही तसंच, पीएच आठाच्या वर. त्याच्या खाली गेलं की यांचं तोंड वाकडं. आणि यांच्या बायकांची तऱ्हा अशी, की अंडी घातली की लगेच तोंडात घेतात आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तीन आठवडे तोंड मिटून, उपाशी राहतात. हे ऐकून मी बायकोकडे नुसतं बघितलं. ती म्हणाली, "तीन आठवडे गप्प बसायला मला काही हरकत नाही. तुम्ही उपाशी राहणार का, ते बोला."

माशांना लपायला जागा लागते. लोक दगड घालतात. काकांकडे दगडांपेक्षा जबडे जास्त होते. काम संपलेले, मालकांना नको असलेले जबडे त्यांनी टाक्यांत रचले होते. वरच्या जबड्याची छान गुहा व्हायची, खालच्याचं अंगण. पाण्यात ते हळूहळू झिजायचे, मग नवे यायचे. माझ्या हातात दिलेला तो जबडा आमच्या इमारतीच्या चेअरमनचा होता हे मला नंतर कळलं. चेअरमनला माहीत नव्हतं.

त्या गुहेत राहायची मावशी. तीच ती पिवळी, अंडी गिळणारी. आई व्हायची वेळ आली की ऐनवेळी कच खायची, म्हणून तिचं नाव मावशी. काका म्हणायचे, "हिचा स्वतःवर भरवसा नाही. तोंडात धरते, पण घाबरते, आणि घाबरली की गिळते."

आता आमच्या इमारतीच्या पाण्याबद्दल. ते बोअरवेलचं होतं. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात. इमारतीत त्याला जे म्हणत ते कुठल्याच पुस्तकात छापता येणार नाही. साबण नुसता हातात फिरायचा. केस हातात यायचे, माझे तर आले तेवढे सगळेच आले. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरायचा आणि सगळी इमारत सुट्टीच्या दिवशी व्हिनेगर घेऊन तो खरवडत बसायची. एकटे काका त्या पाण्याचे भक्त. लहानशा काचेच्या नळीत पाणी घ्यायचे, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि पाणी गर्द निळं झालं की ती नळी उजेडात धरून म्हणायचे, "बघा! लोक यासाठी पैसे मोजतात हो. आपल्याला नळाला येतंय." खालून कुणाच्या तरी गिझरचा बार उडाल्याचा आवाज यायचा.

काकांची बायको जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी दूरच्या मोठ्या शहरात. दर रविवारी तिचा फोन यायचा. काकांना ऐकू कमी यायचं, म्हणून फोन स्पीकरवर, आणि त्यामुळे तो आम्हालाही आमच्या घरात बसून ऐकू यायचा.

"बाबा, आता पुरे झालं. इकडे या."

"तुमच्याकडचं पाणी मऊ असतं गं. नदीचं. मासे मरतील."

"तुम्हाला मी हवी की मासे?"

"दोन्ही. पण तू मऊ पाण्यात जगतेस."

"मग मऊ पाण्यात जगणारे मासे पाळा ना!"

एका रविवारी ती फारच मागे लागली तेव्हा काका वैतागून म्हणाले, "ज्या दिवशी ही मावशी मऊ पाण्यात पिल्लं काढेल ना, त्या दिवशी बॅग भरीन. बस?"

"बस," मुलगी म्हणाली. "लक्षात ठेवते." ती बापावर गेली होती. ठेवलं लक्षात.

मी नंतर एकदा विचारलं, "काका, खरं कारण काय? लेक चांगली, जावई चांगला. जात का नाही?"

ते टाकीच्या काचेवरचा पांढरा थर ब्लेडने काढत होते. हात न थांबवता म्हणाले, "तिकडे गेलं की सोफ्याच्या कडेला बसायचं, खालचे. चहा झाला का, असं विचारायचं नाही. कुणी देईल तेव्हा प्यायचा, आणि छान झालाय म्हणायचं. टीव्हीचा रिमोट मागायचा नाही. इथे मी दमतो, कबूल. पण माझ्या खुर्चीत दमतो."

माझे सासरे आमच्याकडे येतात तेव्हा सोफ्यावर नेमके कुठे बसतात ते मला आठवलं.

पुढे चेअरमननी नदीच्या पाण्याची जोडणी मंजूर करून आणली. बारा गावचं पाणी प्यालेला माणूस, पण घरच्या नळाचं त्यालाही सोसवेना. त्याने सभा बोलावली. गच्चीवर खुर्च्या मांडल्या आणि मऊ पाणी आल्यावर इमारतीतल्या प्रत्येकाचं आयुष्य कसं बदलेल यावर तो इतका बोलला, की दोन बायकांनी डोळे पुसले. मग मतदान. सगळे हात वर. माझाही झाला. बायकोने कोपर धरून केला. विरोधात एकच हात, भुकटीने पांढरा.

"काका, तुमचा विरोध?" चेअरमन म्हणाला. "अहो, कारण काय?"

"माझे मासे."

"माशांसाठी चोवीस घरांनी टक्कल करून घ्यायचं?"

"तुम्ही ज्या दातांनी हे बोलताय, ते कुणी बसवले?"

"दात तुमचे, काका," चेअरमन म्हणाला, "पण मत माझं."

गच्ची हसली. काकाही कसनुसे हसले आणि खुर्ची उचलून, घडी करून, भिंतीला लावून खाली गेले. बाकी सगळ्यांच्या खुर्च्या दुसऱ्या दिवसापर्यंत तशाच होत्या.

पाणी पुढच्या आठवड्यात येणार असं सांगितलं होतं. ते आठवडाभर आधीच, एका दुपारी आलं. कुठलीही गोष्ट वेळेआधी झाली की कुणाच्या तरी मुळावर येते. सगळ्या इमारतीने न्हायला काढलं. नळाखाली फेस, बाल्कनीत फेस, मोरीतून फेस. माझी बायको ओले केस मोकळे सोडून घरभर गात होती. या गोंधळात काकांना सांगायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. ते दवाखान्यातून आले, नेहमीप्रमाणे दमून खुर्चीत पाच मिनिटं बसले, नेहमीप्रमाणे टाक्यांमधलं निम्मं पाणी काढलं आणि नेहमीप्रमाणे नळाला पाइप लावून टाक्या भरल्या.

आमची बेल वाजली. काका कधी खाली आमच्याकडे येत नसत. खालच्यांनी वर जायचं असा रिवाज होता. दारात उभे राहून त्यांनी काचेची नळी पुढे केली. आतलं पाणी निळं नव्हतं. पिवळट होतं.

"खालचे," ते म्हणाले, "पाणी बदललं."

आम्ही वर धावलो. मासे रंग उडाल्यासारखे फिके पडले होते, पंख अंगाशी आवळून कोपऱ्यांत टेकले होते. मावशी चेअरमनच्या जबड्यात होती. तिची हनुवटी फुगलेली होती.

"हिने पुन्हा अंडी घेतलीत," काका म्हणाले. "कालच. आता घाबरेल."

"मग काय करायचं?"

"सोडा आहे का घरात? खायचा?"

आमच्याकडचा सोडा आला, शेजारचा आला. मी उत्साहाने डबाच ओतायला गेलो तर काकांनी माझं मनगट धरलं. "हळू! एकदम चढवलं तर त्या धक्क्यानेच जातील. थोडं थोडं. आणि सोड्याने नुसती वेळ निभावते. त्यांना चुना हवा, संगमरवराचे तुकडे, शिंपले, असं काहीतरी. ते रोज थोडं थोडं विरघळलं पाहिजे. आता हे सगळं आणायचं कुठून आणि चढवायचं कुणी? दमलो हो मी." आणि ते स्टुलावर बसले. पहिल्या दिवशी बसले होते तसेच.

बायको माझ्या मागे उभी होती. ती खाली गेली आणि ताट घेऊन वर आली. ताटात पांढऱ्या-करड्या खपल्यांचा ढीग. आमच्या गिझरची कॉइल तिने त्याच सकाळी काढून घेतली होती आणि वर्षानुवर्षं साठलेला थर ठोकून ठोकून उतरवला होता.

"टाकूनच देणार होते," ती म्हणाली. "चालेल का हे?"

काकांनी एक खपली उचलली. त्यावर व्हिनेगरचा थेंब सोडला. खपली फसफसली. काकांचा चेहरा असा झाला, जणू कुणीतरी त्यांना नवी कवळी बसवलीय.

"अहो, हाच तर चुना! हे आपलंच जुनं पाणी आहे, वाळलेलं!"

मग जे झालं ते मी कितीही फुगवून सांगितलं तरी कमीच पडेल. बायकोने जिन्यात उभं राहून एक हाक दिली आणि इमारत खरवडायला बसली. गिझर उघडले गेले, बादल्या, पातेली, नळांच्या जाळ्या, सगळं निघालं. ज्या थराला या लोकांनी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तोच आता डब्यांतून, वाट्यांतून, कागदाच्या पुड्यांतून मानाने वर जाऊ लागला. "आमच्याकडचा जास्त पांढरा आहे हं काका," असं एक बाई सांगत होती. काका ते धुऊन, उकळून, जुन्या मोज्यांत भरून पाणी गाळायच्या पंपापाशी ठेवत होते. मोजे माझे. सगळे.

चेअरमन सर्वांत शेवटी आला, कारण त्याच्याकडे दोन गिझर होते. पिशवी टेकवून तो टाकीपुढे वाकला आणि वाकलेलाच राहिला. पुढचा एक दात थोडा तिरका, मागे एक दाढ नाही.

"काका, हा माझा आहे?"

"तुमचाच. वरचा."

मी घाईने मोजे भरायला लागलो.

"आत कोण राहतं?"

"मावशी. पोटुशी आहे."

चेअरमनने बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बरी जागा आहे नाही? ऐसपैस." आणि त्यानंतर रोज सकाळी तो मावशीची चौकशी करायला वर जाऊ लागला.

नळीतलं पाणी पिवळटाचं हिरवट झालं, हिरवटाचं निळं. मासे कोपऱ्यांतून बाहेर आले. मावशी मात्र जबड्यातून हलेना. तोंड घट्ट मिटलेलं, पोट खपाटीला गेलेलं. काकाही धड जेवेनात. बायको डबा वर न्यायची आणि निम्मा परत आणायची. "दोघांपैकी नेमकं बाळंतपण कुणाचं आहे?" ती मला विचारायची.

अखेर एका रविवारी सकाळी काकांनी मला आणि चेअरमनला वर बोलावलं. मला वाडगा धरायला, चेअरमनला जागेचा मालक म्हणून. मावशीला जाळीत घेतलं, ओल्या हातात धरलं, अंगठ्याचं नख ओठाशी नेलं. ओठ खाली झाला आणि वाडग्यात एक ठिपका पडला. त्याला डोळे होते. मग दुसरा, मग घोळकाच. वाडगाभर डोळे इकडून तिकडे पळायला लागले.

काकांनी मावशीला पाण्यात सोडलं. ती खोल, सावकाश तळाशी जाऊन टेकली.

"दमली हो," काका म्हणाले.

तेवढ्यात फोन वाजला. रविवार होता. काकांचे हात ओले, म्हणून त्यांनी मानेनेच खूण केली आणि चेअरमनने बटण दाबलं. त्या भल्या माणसाच्या आनंदाला तेव्हा पारावार नव्हता.

"ताई, अभिनंदन!" तो ओरडला. "तुमच्या बाबांनी कमाल केली! मऊ पाणी येऊनसुद्धा पिल्लं काढली! नदीच्या पाण्यात! म्हणजे आता जगात कुठेही जमेल त्यांना!"

मी त्याला कोपर मारलं, पण ते सगळं बोलून झाल्यावर लागलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही म्हणाला होतात."

काका वाडग्याकडे बघत होते. त्यांना काही सुचतंय का, याची मी वाट पाहिली. एखादा आजार, एखादा नवा मासा, काहीही. सुचलं असतंही कदाचित. पण त्या तीन आठवड्यांत त्यांनी होतं नव्हतं ते सगळं त्या टाकीत ओतलं होतं.

"हो," ते म्हणाले. "म्हणालो होतो."

मुलगी येऊन सामान बांधून गेली. तीन टाक्या माशांच्या दुकानदाराने नेल्या. मावशी, तिची पिल्लं आणि जबडा चेअरमनकडे गेला. पाणी तपासायच्या औषधाची बाटली आणि नळी काकांनी माझ्या हातात दिली. मी काही मागितलं नव्हतं.

"तिकडे आता आराम करा काका," मी म्हणालो.

"बघू," ते म्हणाले. जिन्यावर प्रत्येक वळणाला थांबत ते खाली उतरले.

काही महिन्यांनी कामानिमित्त त्या शहरात गेलो तेव्हा भेटायला गेलो. घर नवीन, काकांनी येण्याआधी ते कधी पाहिलंही नव्हतं. काका सोफ्याच्या कडेला बसले होते. मी हात धुवायला गेलो आणि नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसला. ओळखीचा. खिशातून ती नळी काढली. हसू नका, मी ती मुद्दाम नेली होती, त्यांना परत द्यायला. पाणी घेतलं, सोबत आणलेल्या बाटलीतले थेंब टाकले. गर्द निळं. आमच्या जुन्या बोअरपेक्षाही निळं.

"तुमच्याकडे नदीचं पाणी ना?" मी मुलीला विचारलं.

"कुठलं! बोअरचं आहे," ती म्हणाली. "बाबा मऊ मऊ म्हणायचे, मला वाटलं असेल. मला काय कळतंय त्यातलं?"

मी बाहेर येऊन नळी काकांपुढे धरली.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्या आंघोळीलाच कळलं. साबणाला फेस नाही."

"मग टाकी आणूया का एक? त्या कोपऱ्यात सहज बसेल. चेअरमन मावशीला पाठवून देईल."

काकांनी कोपऱ्याकडे पाहिलं. मग चहा येतोय का ते पाहिलं.

"नको," ते म्हणाले.

नळी आता माझ्याकडे आहे. काकांनी त्यानंतर मासे पाळले नाहीत.